शिसपेन्सिलीत शिसं नसतं

आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी तिसऱ्या वर्षानंतरची उन्हाळी इंटर्नशिप चाकण, रांजणगाव नाहीतर भोसरीत केली. सकाळी सहाला कंपनीची बस, डोक्यावर पिवळं हेल्मेट, कॅन्टीनचं जेवण आणि शेवटच्या दिवशी मशीनसमोर उभं राहून काढलेला फोटो. माझ्या नशिबात यातलं काहीच नव्हतं. एम-थ्रीचा बॅकलॉग अजून निघायचा होता आणि ज्या दोन कंपन्यांनी बोलावलं, त्यांनी मार्कशीट बघून "कळवतो" म्हटलं. ते अजून कळवतायत.

२०२४ चा मे महिना उजाडला तरी माझा फॉर्म कोराच होता. शेवटी विभागाच्या नोटीस बोर्डवर कोपऱ्यात लावलेला एक कागद दिसला. पर्यावरण आणि आरोग्य या विषयावर काम करणारी पुण्यातली एक संस्था, कम्युनिकेशन विभागासाठी दोन विद्यार्थी पाहिजेत, मराठी चांगलं हवं. माझा रूमपार्टनर ईएनटीसीचा. तो म्हणाला, "कम्युनिकेशन? ती आमची जागा आहे, मेकॅनिकलवाल्यांनी घुसायचं काम नाही." मलाही आधी राउटर, अँटेना असंच काहीतरी वाटलं होतं. फोन केल्यावर कळलं की पोस्टर, पत्रकं, शाळांसाठी माहितीपुस्तिका, वर्तमानपत्रांना पाठवायच्या बातम्या, असलं काम आहे. म्हटलं चला, दहावीला मराठीत ८४ होते, कधीतरी उपयोगी पडायचेच.

संस्थेचं ऑफिस म्हणजे एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. बाहेरच्या खोलीत चपला आणि पोस्टरचे गठ्ठे, आत चार कॉम्प्युटर, आणि एका कुलूपबंद कपाटात पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र. भिंतीला टेकवून चाप दाबला की क्ष-किरणांच्या मदतीने रंगात शिसं किती आहे ते काही सेकंदांत पडद्यावर दाखवतं. एक्सआरएफ म्हणतात त्याला. त्याची किंमत ऐकून मी ते दोन महिने फक्त लांबूनच बघितलं.

तिथं सर-मॅडम हा प्रकार नव्हता. सगळे ताई नाहीतर दादा. माझं काम जिच्या हाताखाली होतं, तिला सगळे नुसतं "ताई" म्हणत. पहिल्याच दिवशी तिने मला चार पानांचं एक इंग्रजी पत्रक दिलं आणि संध्याकाळपर्यंत मराठी कर म्हणाली. मी झपाटून कामाला लागलो. "शिसे या जड धातूच्या संपर्कामुळे बालकांच्या मज्जासंस्थेवर अपरिवर्तनीय दुष्परिणाम संभवतात." वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश झालो. ताईने ते वाचलं, काही बोलली नाही. चहा घेऊन आलेल्या मामांना म्हणाली, "मामा, जरा हे मोठ्यानं वाचून दाखवा." मामा "शिसे या जड" पर्यंत नीट आले, "मज्जा" म्हटल्यावर हसले, आणि "अपरिवर्त" वर थांबले. मग मला म्हणाले, "साहेब, हे कशाबद्दल आहे? शिसपेन्सिलीबद्दल का?"

मला तेव्हा हसू आलं. पण पुढच्या आठवड्यात एका शाळेत गेलो तेव्हा शिक्षकांनीही तेच विचारलं. "म्हणजे मुलांना आता पेन्सिल द्यायची नाही का?" मराठीत शिसं हा शब्द सामान्य माणसाला भेटतो तो पेन्सिलीतच. आणि गंमत म्हणजे तिथं शिसं नसतंच. पेन्सिलीत असतं ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, आणि चिकणमाती. जुन्या काळी लोकांना ते शिशाचीच एक जात वाटली म्हणून नाव पडलं, ते पडलंच. इंग्रजीतही तीच चूक आहे. म्हणजे ज्या वस्तूत शिसं नाही तिचं नाव शिसपेन्सिल, आणि ज्यात ते खरंच असतं, जुना ऑइल पेंट, बॅटरी, कथिलात भेसळ करून केलेली कल्हई, शेंदूर, त्यांच्या नावात शिशाचा पत्ता नाही! आमच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर शेवटी हेच वाक्य गेलं, शिसपेन्सिलीत शिसं नसतं. माझं छापून आलेलं पहिलं वाक्य.

आता थोडं अभ्यासाचं. (कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, आपण सगळे तेच करतो.) आपल्या शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. त्यामुळे पोटात गेलेलं शिसं रक्तात शिरतं, मेंदूत शिरतं आणि हाडांत जाऊन वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. लहान मुलं मोठ्या माणसांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतात. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. जागतिक आरोग्य संघटना सांगते की इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळी माहीतच नाही. रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त सापडलं तर ते कुठून येतंय ते शोधून बंद करा, असं त्यांचं २०२१ चं मार्गदर्शन आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालातला अंदाज असा की जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात यापेक्षा जास्त शिसं आहे आणि त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा टायपिंगची चूक असेल असं वाटलं.

यात आपल्या मेकॅनिकलवाल्यांचाही हात आहे. आयसी इंजिनच्या पेपरला नॉकिंग थांबवण्यासाठी टेट्राइथाइल लेड हे उत्तर आपण पाठ करतो ना, ते १९२१ साली शोधून काढणारा थॉमस मिजली हा मेकॅनिकल इंजिनिअरच होता. त्याला स्वतःलाही पुढे शिशाची बाधा झाली. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं, जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये. पेट्रोल सुटलं, पण रंग राहिला. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको हा नियम २०१६ साली आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. ९० पीपीएम म्हणजे मेसच्या एक हजार किलो तांदळात ९० ग्रॅम खडे. आपल्या मेसला हा नियम झेपणार नाही. पण गंभीरपणे सांगायचं तर नियम नव्या डब्याला लागू आहे. १९९५ साली दाराला मारलेल्या पिवळ्या ऑइल पेंटला कुठला नियम लावणार? तो दारावर आहेच, आणि दिवाळीच्या आधी कोणीतरी तो खरवडतोच.

तो "कोणीतरी" कोण, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझे वडील कराडला रंगकाम करतात. तीस वर्षं झाली. पण ऑफिसात मी हे सांगितलं नव्हतं. का, ते विचारू नका. कॉलेजातही फॉर्मवर मी "व्यवसाय : कॉन्ट्रॅक्टर" असंच लिहीत आलोय.

मधल्या काळात माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगून टाकतो. शाळा उघडायच्या आधी ५०० पोस्टर छापायची होती. त्यात रक्तातल्या शिशाचा तक्ता होता. तक्ता एका डॉक्टरांच्या जुन्या फाइलमधून घेतला होता. त्या फाइलमध्ये मायक्रोचं ग्रीक अक्षर "म्यू" हे सिम्बॉल नावाच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. माझ्या लॅपटॉपवर फॉन्ट बदलला आणि "म्यू" चा झाला साधा इंग्रजी "एम". मी प्रामाणिकपणे "मिलिग्रॅम" लिहून मोकळा झालो. एक हजार पटींची चूक! पोस्टर छापून आली, ताईने कौतुक केलं, आणि संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी पोस्टर बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "इतकं शिसं असलेला पेशंट माझ्याकडे चालत येणार नाही रे." पाच वर्षांत मेजरमेंटच्या पेपरला युनिट चुकवल्याबद्दल सरांनी मला जितकं झापलं असेल, त्या सगळ्याचा हिशेब त्या एका वाक्यात झाला. मग मी आणि दुसरी इंटर्न (ती एका आर्ट्स कॉलेजची, तिची काही चूक नव्हती, तरी थांबली) रात्री अकरापर्यंत बसून ५०० पोस्टरांवर "मायक्रोग्रॅम" च्या चिठ्ठ्या चिकटवत होतो. ताई रागावली नाही. तिने फक्त इतकंच सांगितलं की इथून पुढे आकडा लिहिलास की तो कोणाच्या तरी अंगात आहे असं समजून तपास.

तीच एकदा चहा पिताना बांगलादेशची गोष्ट सांगत होती. तिथं हळदीला पिवळाजर्द रंग यावा म्हणून लेड क्रोमेट चोळायची पद्धत होती. ढाक्यातली आयसीडीडीआर,बी ही संस्था आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक यांनी ते शोधून काढलं. २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. मग बातम्या आल्या, बाजाराबाजारात नोटिसा लागल्या, सरकारी अधिकाऱ्यांनी तसलंच पिस्तूल घेऊन घाऊक बाजारात धाड घातली आणि दंड केला. २०२१ पर्यंत नमुन्यांतलं प्रमाण शून्यावर आलं. ताई म्हणाली, "बघ, यात यंत्र होतं, कायदा होता, पण लोकांना कळेल असं कोणीतरी लिहिलं पण होतं." मला ते पटलं. पण हळद पिवळी दिसते, दाखवता येते. डेंग्यूच्या पोस्टरवर डास काढता येतो. शिशाचं काय काढणार? रक्तात १० असलेलं पोर खेळतं, खातं, हसतं, दिसायला काही होत नाही.

जूनच्या शेवटी माझ्याकडे रंगाऱ्यांसाठीच्या पोस्टरचं काम आलं. मी जोरात बनवलं. काळी पार्श्वभूमी, कवटी, लाल अक्षरात "रंगात विष! तुमच्या मुलांचा मेंदू धोक्यात!" आणि खाली काय करू नये याची यादी. ऑफिसात सगळ्यांना आवडलं. शनिवारी मी घरी गेलो तेव्हा एक प्रत बॅगेत होती. खरं तर मला अण्णांना दाखवायची होतीही आणि नव्हतीही.

अण्णा कामावरून आले, अंगणात हात-पाय धुतले, आणि चहाचा कप घेऊन बसले. मी पोस्टर पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला. ते सावकाश वाचतात, ओठ हलवत. वाचून झालं, त्यांनी पोस्टरची नीट घडी घातली आणि शेजारी ठेवली.

"हे पेंटर लोकांसाठी हाय?"

"हो."

"मग ह्यात मी करायचं काय? धंदा बंद करू?"

मी यादी दाखवायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. आत धाकटा टीव्ही बघत होता. त्याच्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी पोराचं वाटोळं मी केलं, असं म्हणतोस व्हय?"

धाकट्याबद्दल सांगायला हवं. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. गणितात पहिल्यापासून अडकायचा, दहावीला गणित राहिलं, दुसऱ्यांदा सुटलं, आता आयटीआयला आहे. लहानपणी तो अण्णांच्या शेपटासारखा साइटवर जायचा. जुन्या वाड्यांची दारं घासताना पिवळी-हिरवी पूड उडायची, त्यात हा मातीत खेळावं तसा खेळायचा. केसांत, भुवयांत रंग. आम्ही त्याला "होळी आली" म्हणून चिडवायचो. पोस्टर लिहिताना हे सगळं माझ्या डोक्यात होतं. खोटं कशाला बोलू, ते डोक्यात ठेवूनच मी ते वाक्य लिहिलं होतं.

त्या रात्री मी अण्णांना काही उत्तर दिलं नाही. सोमवारी पुण्यात आलो आणि ताईला सगळं सांगितलं. रंगकाम, कॉन्ट्रॅक्टर, धाकटा, सगळं. वर असंही म्हणालो की मी धाकट्याची गोष्ट लिहून देतो, नाव न घालता. वर्तमानपत्रात येईल, लोक हलतील. मला वाटलं ताई खूश होईल. अशा गोष्टींच्याच शोधात असते ती.

तिने विचारलं, "त्याच्या रक्ताची तपासणी केली होतीस, तेव्हा, लहानपणी?"

"नाही."

"मग तुला कसं माहीत?"

मी म्हटलं, धूळ, साइट, गणित. ती म्हणाली, "आणि तू? तूही त्याच घरात वाढलास ना? तू इंजिनिअरिंगला कसा गेलास?" मी गप्प. मग तिने कागदावर घंटेच्या आकाराचा आलेख काढला, आपण एम-थ्रीत काढतो तोच नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनचा. शिशामुळे हा सगळा आलेख थोडा डावीकडे सरकतो, म्हणाली. हजारो मुलांची सरासरी थोडी खाली येते, हे वारंवार सिद्ध झालंय. पण त्या आलेखातला हा एक ठिपका, म्हणजे तुझा भाऊ, तो शिशाने तिथं आला की शाळेतल्या मास्तरांमुळे की त्याला गणित आवडतच नव्हतं म्हणून, हे कोणीही सांगू शकत नाही. आजची तपासणीसुद्धा नाही. रक्त गेल्या काही महिन्यांचं सांगतं, दहा वर्षांपूर्वीचं नाही. "ही गोष्ट आपण छापायची नाही. ती खरी आहे का ते आपल्याला माहीत नाही. आणि तुझे वडील ती वाचतील."

मला तिचा राग आला, हे कबूल करतो. इतकं सगळं जुळत असताना ही बाई आलेख काढते! पण बॅकलॉग असला तरी तेवढं स्टॅटिस्टिक्स मलाही कळत होतं. मी ज्याला पुरावा म्हणत होतो, ती माझ्या मनातली टोचणी होती. भावाला मी कधी गणित शिकवायला बसलो नाही, त्यालाही एखादं कारण हवंच होतं.

तपासणी मात्र करायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, जे आत्ता आहे ते तर कळू दे. अण्णा यायला तयार नव्हते. आई म्हणाली, "पोरगं म्हणतंय तर चला, पुणं पण बघू." चौघांनी रक्त दिलं. निकाल दहा दिवसांनी आला. अण्णा १६. धाकटा ४. मी ३. आणि आई ८.

आईचा आकडा बघून आम्ही सगळेच चक्रावलो. आई कधी साइटवर गेली नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कामाचे कपडे कोण धुतं?" बस, एवढंच. तीस वर्षं अण्णांचे कपडे आई धुण्याच्या आधी दारात झटकते आणि मग दगडावर आपटते. आमच्या ऑफिसच्या कुठल्याही कागदावर रंगारी होता, मुलं होती, गर्भवती स्त्रिया होत्या. रंगाऱ्याची बायको कुठंच नव्हती. माझ्याही पोस्टरवर नव्हती, आणि मी तर तिच्या हातचं खाऊन मोठा झालो.

१६ ला औषध वगैरे देत नाहीत. ती औषधं रक्तातलं शिसं खूप जास्त असेल तेव्हाची. इथं उपाय एकच, शिसं आत जायचं थांबवायचं. डॉक्टरांनी अण्णांना समजावलं, अण्णा नेहमीप्रमाणे "हो हो" म्हणाले. परत जाताना स्वारगेटला एसटीची वाट बघत बसलो होतो तेव्हा अण्णांनीच विषय काढला.

"ते शिसं शिसं म्हणतोस, ते म्हंजी शेंदूरच की."

मी म्हटलं, बरोबर, शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइडच.

"मग तसं सांग की! लोखंडाला आम्ही शेंदूरच मारायचो पूर्वी. आन् शेंदूर पोटात गेला की गळा जातो, हे माझी आज्जी सांगायची. गाणाऱ्याचा आवाज घालवायचा तर वैरी पानातून शेंदूर चारतो म्हणायची. शेंदूर खाऊ नये हे काय पेंटरला शिकवायला पाहिजे?" मग जरा थांबून म्हणाले, "जुना ऑइल पेंट शेंदराच्या भावकीतला, असं लिही. कवटी काढून टाक. कवटी बघितली की माणूस तोंड फिरवतो."

मी एसटी स्टँडवरच वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसलो. अण्णांनी माझी "काय करावे" ची यादीही ऐकली आणि तिच्यातलं निम्मं खोडलं. "रंग ओला करूनच घासावा" यावर म्हणाले, "लाकडावर पाणी ओतलंस तर लाकूड फुगतं, मालक पैसे कापतो. नुसता शिपका मारायचा आन् वॉटर पेपर वापरायचा." "मास्क वापरावा" यावर म्हणाले, "तोंडाला फडकं बांधतो की." ते पुरत नाही, बारीक धूळ त्यातून आरपार जाते, हे त्यांना नवीन होतं. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या एकाही इंग्रजी पत्रकात नव्हतं. ओलं घासायला वेळ जास्त लागतो. दर मात्र स्क्वेअर फुटावर असतो. दोन दिवसांचं काम तीन दिवसांवर गेलं तर तिसऱ्या दिवसाची मजुरी कोण देणार? तेव्हा पोस्टर पेंटरला लावून काय उपयोग, ते घरमालकाला लावा.

नवीन पोस्टर जुलैमध्ये झालं. दोन झाली खरं तर. एक रंगाऱ्यांसाठी, त्याचं शीर्षक "जुना रंग, शेंदराची भावकी". शिपका मारून घासा, खाली ताडपत्री टाका, पूड झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या, जेवणाआधी हात-तोंड साबणाने धुवा, विडी-तंबाखूला त्या हाताने हात लावू नका, कामाचे कपडे साइटवरच बदला, घरी नेलेच तर झटकू नका, वेगळे भिजवा. आणि नवा डबा घेताना त्यावर शिसं ९० पीपीएमच्या आत असल्याचं लिहिलंय का ते बघा. दुसरं घरमालकांसाठी, त्यात ठळक एकच ओळ, "जुनं घर रंगवताय? रंगाऱ्याला एक दिवस जास्त द्या, आणि लहान मुलांना तेवढे दिवस मामाकडे पाठवा." डॉक्टरांना "भावकी" शब्द शास्त्रीय वाटत नव्हता. सगळ्या जुन्या रंगात शिसं असतंच असं नाही, हा त्यांचा मुद्दा बरोबरच होता. म्हणून खाली बारीक अक्षरात "तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून आहे असंच धरून चाला" अशी ओळ आली. पोस्टर पुन्हा चहावाल्या मामांना वाचायला दिलं. ते कुठंही थांबले नाहीत.

सप्टेंबरमध्ये कॉलेजात इंटर्नशिपची व्हायवा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी रिपोर्ट उलटसुलट करून विचारलं, "बाळ, यात इंजिनिअरिंग कुठे आहे?" मी मायक्रो आणि मिलिची गोष्ट सांगितली, नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन काढून दाखवलं. त्यांचं फार समाधान झालेलं दिसलं नाही. ग्रेड बी. चाकणवाल्यांना ए. असो.

डिसेंबरमध्ये अण्णा आणि आई पुन्हा रक्त देऊन आले. अण्णा १२, आई ५. हाडांतलं सावकाश निघतं, डॉक्टर म्हणाले, घाई करून चालत नाही. धाकटा म्हणतो, "माझं पहिल्यापासून सगळ्यात बरं होतं, उगाच माझ्या नावानं बोंब मारत होता." त्याला मी ती पहिली पोस्टरची प्रत कधीच दाखवली नाही. फॉर्मवर मी आता "रंगकाम" लिहितो. कराडच्या नाक्यावर सकाळी पेंटर लोक कामाच्या वाटेने उभे राहतात, तिथल्या चहाच्या टपरीला अण्णांनी ते भावकीचं पोस्टर स्वतः चिकटवलंय. पुढच्या वेळेस येताना वीस आण, असा निरोप आहे.

हा लेख लिहीत असतानाच आपल्या होस्टेलच्या जुन्या बिल्डिंगच्या खिडक्यांचं रंगकाम निघालं. सुट्टीत न निघता ऐन सबमिशनच्या आठवड्यात निघालं, हे वेगळं सांगायला नको. तिसऱ्या मजल्यावर दोन पेंटर हिरवा रंग कोरडाच खरवडत होते आणि पूड थेट आमच्या खोल्यांत, वह्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. मी बाहेर जाऊन त्यांच्याशी बोललो. म्हटलं, काका, जरा शिपका मारून घ्या, माझे वडील पण पेंटर आहेत. त्यातले थोरले माझ्याकडे बघून हसले.

"मारतो की. पण पाणी कुठाय? तुमच्या तिसऱ्या मजल्याला चार दिवस पाणी नाही."

ते खरंच होतं. मग मी आणि रूमपार्टनर मेसच्या हौदावरून बादल्या भरून वर आणत बसलो. सहा खेपा झाल्या. रेक्टर सर, मोटरचं बघा.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी